बावन्न म्हणजे किती? रक्त तपासणीचे रिपोर्ट छापणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रक्ताच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळांचे संचालक, रिपोर्टवर सही करणारे पॅथॉलॉजिस्ट व बायोकेमिस्ट, आणि हे रिपोर्ट ज्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडतात ते बनवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या आईचं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासून घ्यायला सांगितलं. आलं २२. कमी आहे म्हणून बारा आठवड्यांचा कोर्स दिला आणि कोर्स संपल्यावर पुन्हा तपासा म्हणाले. तोवर आई माझ्या बहिणीकडे परदेशी गेली होती, त्यामुळे दुसरी तपासणी तिकडे झाली. लॅबचा मेसेज बहिणीच्या फोनवर आला आणि तिने तो मला जसाच्या तसा पाठवला. व्हिटॅमिन डी, ५२. बस, इतकंच.

आईच्या तब्येतीच्या नोंदी मी फोनमधल्या एका ॲपमध्ये ठेवते. त्यात ५२ टाकले. ॲपने मला काहीही विचारलं नाही. २२ वरून ५२ वर चढत गेलेली एक हिरवी रेघ काढून दाखवली. ती रेघ मी बहिणीला पाठवली, बहिणीने आईला दाखवली. आईने गोळ्या थांबवल्या.

आठ महिन्यांनी आईचं कंबरेचं दुखणं वाढलं म्हणून आम्ही नव्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना ॲप नको होतं, मूळ रिपोर्ट हवे होते. बहिणीकडून दुसरा रिपोर्ट मागवून छापून नेला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दुसऱ्या कागदावर ५२ पासून बोट आडवं सरकवत पार उजव्या कडेला नेलं. तिथे फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं, नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्या कागदावर होतं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यांनी कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. "अडीचने भागा," एवढंच म्हणाले.

बावन्न भागिले अडीच, म्हणजे एकवीसच्याही आत. बारा आठवडे गोळ्या घेऊन आईच्या रक्तातलं व्हिटॅमिन डी होतं तिथेच होतं. ते का वाढलं नाही, हा प्रश्न आठ महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. तो कुणीच विचारला नाही, कारण आम्हाला सगळ्यांना ते वाढलेलं दिसत होतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मोल म्हणजे काय हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि एकक न लिहिलेल्या उत्तराचा अर्धा गुण कापते. तरीही माझ्या हातून हे झालं. माझ्या हातून होतं, तर ज्याने मोल हा शब्द कधी ऐकलेला नाही त्याचं काय होत असेल, या विचाराने मी हे पत्र लिहायला बसले.

त्या लॅबचं नाव मी इथे लिहीत नाही. चूक एकट्या त्यांची असती तर त्यांनाच पत्र पाठवलं असतं. तो कागद नियमाला धरूनच होता. एकक छापलेलं होतं. 'कमी' अशी खूण नव्हती, कारण त्या लॅबची सीमारेषा ५० नॅनोमोलची होती, म्हणजे २० नॅनोग्रॅम. पहिल्या लॅबची ३० नॅनोग्रॅमची होती. कुठली सीमा बरोबर, यावर तज्ज्ञांमध्येच एकमत नाही, तो वाद मी तुमच्यापुढे आणत नाही. माझं गाऱ्हाणं आकडा आणि त्याचं एकक यांच्यात पडलेल्या अंतराचं आहे. कागदावर ते अंतर अर्ध्या वितीएवढं होतं. मेसेजमध्ये एकक उरलंच नव्हतं, आणि ॲपला त्याची गरजच वाटली नाही.

तुम्ही किती काळजीने काम करता याची मला कल्पना आहे. साखरेसाठी राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी वापरता, कारण साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात. सकाळी मशीन सुरू झालं की आधी कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे तो नमुना, लावता, आणि कंट्रोल मर्यादेबाहेर गेलं तर पेशंटचं एकही सॅम्पल पुढे जाऊ देत नाही. दशांश चिन्हानंतरच्या अंकासाठी एवढी मेहनत घेतली जाते. आणि मग शेवटच्या पायरीवर, कागदावर नाहीतर फोनवर, तोच आकडा अडीचपट मोठा होऊन घरी येतो. म्हणून मला ही गोष्ट छपाईची वाटत नाही. ती तपासणीचाच भाग आहे.

एकाच गोष्टीची दोन एककं का, हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. मिलिग्रॅम वजन सांगतो, मोल रेणूंची संख्या सांगतो. ग्लुकोजचा रेणू १८० भाराचा, कोलेस्टेरॉलचा जवळजवळ ३८७, किडनीच्या तपासणीतल्या क्रिएटिनिनचा ११३. त्यामुळे वजनाकडून संख्येकडे जायचा गुणक प्रत्येक पदार्थाचा निराळा. साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर मिलिमोल प्रति लिटर काढायला १८ ने भागायचं, कोलेस्टेरॉलला ३८.७ ने, ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने. क्रिएटिनिनला मात्र ८८.४ ने गुणायचं, कारण तिथे मिलिमोलऐवजी मायक्रोमोल वापरतात. एन्झाइम तर वजनातही मोजत नाहीत आणि मोलमध्येही नाही, त्यांचं काम मोजतात. यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी ४० युनिट प्रति लिटर म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत ते एन्झाइम लिटरमागे दर मिनिटाला ४० मायक्रोमोल पदार्थाचं रूपांतर करतं. त्यालाही १९९९ साली कॅटल हे नवं एकक मिळालं, आणि स्वीडनमध्ये तोच ४० चा आकडा मायक्रोकॅटलमध्ये ०.६७ होतो.

मोल हे १९७१ साली आंतरराष्ट्रीय पद्धतीचं मूळ एकक झालं. १९७७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने साऱ्या जगाच्या वैद्यकाने हीच पद्धत स्वीकारावी असा ठराव केला. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया तिकडे गेले. अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनीही काही वर्षं प्रयत्न केला, पण तिथल्या डॉक्टरांच्या हाताला मिलिग्रॅमच सवयीचे होते आणि १९९० च्या दशकात त्यातल्या काहींनी माघार घेतली. फ्रान्समध्ये उपाशीपोटीची साखर ग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगतात. म्हणजे मधुमेहाची एकच सीमारेषा एका देशात १२६, दुसऱ्यात ७.० आणि तिसऱ्यात १.२६ अशी दिसते. माणूस तोच, रक्तही तेच.

सगळ्या जगाने एकच एकक वापरावं अशी माझी मागणी नाही. पन्नास वर्षं जे झालं नाही ते माझ्या पत्राने होणार नाही, आणि खरं सांगायचं तर व्हायलाच हवं असंही मला वाटत नाही. ज्या डॉक्टरने तीस वर्षं क्रिएटिनिन १.२ असं वाचलंय त्याच्या नजरेला १.८ चटकन खटकतं. ही खटकण्याची सवय फार मोलाची आहे, ती रातोरात मोडली तर त्यातूनही चुका होतील. दोन पद्धती राहू द्या. पण त्या राहणार आहेत हे गृहीत धरून रिपोर्ट छापा.

आईच्या प्रसंगानंतर मी बसून सगळ्या नेहमीच्या तपासण्यांचे गुणक एका वहीत लिहून काढले, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तुमच्यातल्या जुन्याजाणत्यांना ती आधीपासून ठाऊक असेल. गुणक जितका मोठा तितका धोका कमी. क्रिएटिनिन १.३ चं ११५ झालं तर माणूस घाबरतो, पण थांबून विचारतो. हिमोग्लोबिन १३ च्या जागी १३० दिसलं तर कुणीही म्हणेल की हे काहीतरी वेगळं आहे. असा आकडा आपण होऊन ओरडून सांगतो की माझं एकक बघा. गोत्यात आणणारे गुणक छोटे आहेत. दोन, अडीच, काही तपासण्यांत दहाही. तिथे दोन्ही आकडे खरे वाटतात.

व्हिटॅमिन डीचं झालंच. शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी तपासणी घ्या. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. फरक दहापट. १.२ हा आकडा डेसिलिटरमधला असेल तर लिटरमध्ये तो १२ होतो, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू आहे. तोच १.२ लिटरमधला असेल तर काळजीचं काही नाही. ताप उतरत नाही म्हणून सोमवारी एका लॅबमध्ये आणि गुरुवारी दुसऱ्या लॅबमध्ये सीआरपी केलेल्या पेशंटचे दोन कागद समोर ठेवून बघा. १२ वरून १.२. औषध लागू पडलं असं कुणालाही वाटेल. 'मिलिग्रॅम' हा शब्द दोन्हीकडे आहेच, भागाकाराच्या रेघेखालचं एक अक्षर तेवढं वेगळं.

हिमोग्लोबिनमध्येही असा एक खड्डा आहे. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये हिमोग्लोबिन मिलिमोल प्रति लिटरमध्ये देतात. तिथला ८.१ म्हणजे आपल्या ओळखीच्या ग्रॅम प्रति डेसिलिटरमधला १३. एकक न बघता ८.१ वाचलं तर धडधाकट माणूस रक्तक्षयाचा पेशंट ठरतो. सोडियमला मिलिइक्विव्हॅलंट (आयनाचा विद्युतभार हिशोबात धरणारं माप) आणि मिलिमोल यांचा आकडा एकच येतो, म्हणून सवय लागते की हे दोन्ही सारखेच. पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन दुहेरी विद्युतभाराचे, तिथे आकडा दुप्पट होतो. कॅल्शियम १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, २.५ मिलिमोल प्रति लिटर आणि ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर हे तिन्ही एकच.

आता एक असं उदाहरण जिथे एकक बघूनही सुटका नाही. किडनीच्या तपासणीत एक लॅब 'युरिया' देते, दुसरी 'बीयूएन'. दोन्हीकडे एकक तेच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पण बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. युरियाच्या ६० भारात नायट्रोजन २८ भाराचा, म्हणून युरियाचा आकडा बीयूएनच्या २.१४ पट. युरिया ३० आणि बीयूएन १४ ही एकाच रक्ताची दोन नावं. घरी फाईल सांभाळणारा माणूस दोन्हींना 'युरिया'च म्हणतो, आणि मी पाहिलंय की केसपेपरवर लिहिणारेही कधी कधी तसंच लिहितात. मग १४ चा ३० झाला की घरात कुणाला झोप लागत नाही. इथे रिपोर्टवर 'युरिया' किंवा 'युरिया नायट्रोजन' असं पूर्ण नाव लिहिणं आणि खाली एका ओळीत 'हा आकडा बीयूएन नव्हे' असं सांगणं याला पर्याय नाही.

डी-डायमरची स्थिती तर याहून वाईट. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी आहे का, हे ठरवताना हा आकडा वापरतात आणि नेहमीची सीमारेषा ५०० ची. पण ५०० कशाचे? काही किट 'एफईयू' देतात, म्हणजे फायब्रिनोजेनच्या हिशोबातलं वजन, आणि काही 'डीडीयू', म्हणजे खुद्द डी-डायमरचं वजन. पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट. त्यावर पुन्हा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, मिलिग्रॅम प्रति लिटर असे प्रकार. डीडीयूमधला ४०० हा आकडा एफईयूच्या ५०० च्या सीमेशी ताडून पाहिला तर नॉर्मल वाटतो. प्रत्यक्षात तो एफईयूत ८०० च्या आसपास आहे आणि पेशंटला पुढची तपासणी लागणार आहे. ही तपासणी बहुतेक वेळा अडीनडीला, रात्रीबेरात्री होते, आणि रिपोर्ट वाचणारा डॉक्टर दुसऱ्याच हॉस्पिटलमधून आलेला असू शकतो. ती तीन अक्षरं रिपोर्टवर गाळू नका, एवढं तरी कळकळीने सांगते.

असं सगळं असताना तुमच्याच क्षेत्रात काही कामं फार नीट झालेली आहेत. हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिनच्या नव्या अतिसंवेदनशील तपासण्या आल्या तेव्हा ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे शून्यांच्या रांगेतले आकडे लिहायचे नाहीत, नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये १४ असा पूर्णांक लिहायचा, असं तज्ज्ञांनी ठरवून दिलं. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करून घेतलेला हा निर्णय आहे.

दुसरं उदाहरण एचबीए१सीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीचं. ही टक्केवारी बदलून मिलिमोल प्रति मोल करायची ठरली तेव्हा काम साध्या गुणाकाराचं नव्हतं. टक्क्यांतून आधी २.१५ वजा करायचे आणि मग १०.९ ने गुणायचं. ६.५ टक्के म्हणजे ४८, ७ टक्के म्हणजे ५३. ब्रिटनने २००९ च्या जूनपासून २०११ पर्यंत प्रत्येक रिपोर्टवर दोन्ही आकडे छापले. पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही दोन वर्षं जुना आकडा शेजारी दिसत होता, आणि मगच जुना काढला. बदल करायचा तर असा करावा. याउलट एखादी लॅब मशीन बदलते, नव्या किटचं एकक वेगळं असतं, आणि पुढच्या सोमवारपासून रिपोर्टवर निराळा आकडा यायला लागतो. खाली तळटीपसुद्धा नसते. जो पेशंट दर तीन महिन्यांनी तुमच्याकडेच येतो त्याला तुम्ही हे सांगायला बांधील आहात. निदान सहा महिने तरी जुना आकडा कंसात द्या. कायमचे दोन आकडे छापा असं मात्र मी म्हणणार नाही. एकाच ओळीत सतत दोन आकडे असले की घाईत वाचणारा चुकीचा उचलतो.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांशी मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हल्ली कागद कमी आणि स्क्रीन जास्त. तुमच्या टेबलात आकड्याचा एक रकाना असतो आणि एककाचा दुसरा. मेसेज पाठवताना, सारांश काढताना, ग्राफ आखताना तुम्ही पहिला रकाना उचलता आणि दुसरा मागे राहतो. आईच्या बाबतीत नेमकं हेच झालं. एकक रिकामं असेल तर आकडा साठवूच नका, विचारा. आधीच्या आणि नव्या नोंदीचं एकक वेगळं असेल तर रेघ जोडू नका. ग्राफमधली जोडणारी रेघ पाहणाऱ्याला सांगते की हे दोन बिंदू एकाच मापाने मोजलेले आहेत. तसं नसेल तर ती रेघ खोटी आहे, आणि माणसं रिपोर्टमधल्या अक्षरांपेक्षा त्या रेघेवर जास्त विश्वास ठेवतात. मी ठेवला.

यासाठी नवं काही शोधून काढायचीही गरज नाही. कोणत्या पदार्थाची कोणती तपासणी, हे सांगणारी लॉइंकची कोडं १९९४ पासून तयार होत आली आहेत. व्हिटॅमिन डी वजनात मोजलेलं आणि मोलमध्ये मोजलेलं यांना त्यात वेगवेगळे कोड आहेत, युरिया आणि युरिया नायट्रोजन यांनाही. एककं कॉम्प्युटरला निःसंदिग्धपणे कळावीत म्हणून युकम नावाची पद्धत आहे. दोन्ही वापरायला पैसे पडत नाहीत. प्रयोगशाळांच्या गुणवत्तेचं आयएसओ १५१८९ हे मानक निकालासोबत एकक असावं असं सांगतंच. ते मानक पाळणाऱ्या लॅबने फोनवरच्या मेसेजलाही रिपोर्टच समजावं, एवढंच माझं म्हणणं.

आपोआप रूपांतर करून द्यायची सोय करणार असाल तर एक सांभाळा. सगळ्याच गोष्टींचं रूपांतर होत नाही. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारं लायपोप्रोटीन 'ए' हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच्या कणाचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे मिलिग्रॅमकडून नॅनोमोलकडे जायला सगळ्यांना लागू पडेल असा एक गुणक नाहीच. अशा ठिकाणी 'याचं रूपांतर करता येत नाही' असं स्क्रीनवर स्पष्ट येऊ द्या. आणि जिथे रूपांतर होतं तिथे ते नेहमी मूळ आकड्यावरून करा, आधीच राउंड केलेल्या आकड्यावरून नको. साखरेच्या १०० चे ५.६ होतात आणि ५.६ चे परत येताना १०१.

'मायक्रो'ची शेपटीवाली खूण हा आणखी एक छळ आहे. दिसायला एकच असलेल्या त्या खुणेचे कॉम्प्युटरच्या लेखी दोन निराळे कोड आहेत, एक मायक्रोचा आणि एक ग्रीक अक्षर म्यूचा. एका यंत्रणेतून दुसरीकडे जाताना ती खूण कधी चौकोन होते, कधी प्रश्नचिन्ह होते, कधी नुसतीच गळून पडते. हाताने लिहिताना तिचा 'मिली'चा एम होतो आणि आकडा हजारपटीने फिरतो. जिथे शंका असेल तिथे 'मायक्रोग्रॅम' असा अख्खा शब्द छापा. जागा लागेल, लागू द्या.

काही ग्लुकोमीटरमध्ये एके काळी एकक बदलायची सोय वापरणाऱ्याच्या हातात होती. तारीख-वेळ लावताना ते चुकून बदलायचं, आणि छोट्याशा स्क्रीनवर दशांश बिंदू नजरेतून सुटला की ८.३ चे ८३ वाचले जायचे. प्रत्यक्षात ८.३ मिलिमोल म्हणजे जवळपास १५०. पुढे ती सोय काढून एकक कारखान्यातच पक्कं करण्यात आलं. पेशंटने नीट बघावं, असं सांगून तिथे कुणी हात झटकले नाहीत, मीटर बदलला. रिपोर्टच्या बाबतीतही मला तुमच्याकडून हेच हवंय. एकक आकड्याला लागून, त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात, तितक्याच काळ्या शाईत. मध्ये जागा सोडायची तर एका अक्षराची. नॉर्मल रेंज द्याल तिथेही एकक पुन्हा लिहा. ओळ मध्येच मोडून आकडा वर आणि एकक खाली असं होऊ देऊ नका. मेसेजमध्ये एकक बसत नसेल तर आकडाही पाठवू नका, 'रिपोर्ट तयार आहे' एवढंच कळवा.

आईला त्या डॉक्टरांनी आता वेगळ्या पद्धतीने औषध सुरू केलंय आणि आतड्यातून व्हिटॅमिन शोषलं जात नाही का, याची तपासणी सांगितली आहे. ती आठ महिन्यांपूर्वी व्हायला हवी होती. व्हिटॅमिन डी पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचं आहे. या वेळी लॅबला फोन करून आधीच विचारून ठेवलंय की तुम्ही कुठलं एकक छापता. पलीकडच्या मुलीने "थांबा, बघून सांगते," म्हणून बराच वेळ घेतला, मग नॅनोग्रॅम म्हणाली, आणि असं आधी कुणी विचारलं नव्हतं असंही म्हणाली.

सोबत आईच्या दोन्ही रिपोर्टच्या प्रती जोडते आहे. नावं आणि लॅबचे पत्ते खोडले आहेत. दुसऱ्या प्रतीवर ५२ च्या भोवती आणि उजव्या कडेच्या राखाडी अक्षरांभोवती मी लाल पेनने गोल केले आहेत. दोन गोलांमधलं अंतर पट्टीने मोजलं, साडेअकरा सेंटिमीटर भरलं.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका